मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये चालेल असा कमी आवाजाचा एअर कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मला लाकूडकामाचा छंद आहे. मागच्या खोलीत स्टुलं, शेल्फ, मुलांची खेळणी असं काही ना काही चालू असतं. हातोडी मारून मनगट धरायला लागलंय, म्हणून ब्रॅड नेलर (हवेच्या दाबाने बारीक खिळे ठोकणारं हत्यार) घ्यायचा विचार आहे. शिवाय कोपऱ्यातला भुसा उडवायला ब्लो गन आणि जमलं तर वॉर्निशसाठी स्प्रे गन.

गेल्या रविवारी मित्राचा कॉम्प्रेसर आणून लावून पाहिला. 24 लिटर टाकी, ऑइल-फ्री (पंपात तेल नसलेला), डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय मोटर थेट पंपाला जोडलेली). बटण दाबताच शेल्फवरच्या डब्यातले स्क्रू खुळखुळायला लागले आणि टाकी भरेपर्यंत मशीन फरशीवर वीतभर सरकलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपने मीटरभर अंतरावर 86 डेसिबल दाखवले. अ‍ॅपवर फार भरवसा नको हे कळतं, पण शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं हे खरं.

आमच्या खालच्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे. त्याची आई वर आली. भांडायला नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "दादा, अजून किती वेळ चालेल? आत्ताच झोपलाय तो." मी तिथेच स्विच बंद केला. छंद माझा आहे, त्यासाठी त्या बाळाची झोप मोडायची नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

तेव्हापासून वाचतोय. आवाज 10 डेसिबलने उतरला की कानाला साधारण निम्मा वाटतो, म्हणजे 86 वरून 66 वर आलो तर चौथाईच उरेल. 'सायलेंट' म्हणून विकतात त्यांची मोटर बहुधा इंडक्शनची, चार पोलची, मिनिटाला 1400 च्या आसपास फेऱ्यांची, म्हणजे सावकाश फिरणारी असते. पण आकडा मीटरभरावर मोजलाय की चार मीटरवर, हे बऱ्याच पत्रकांत लिहिलेलंच नसतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल आपोआप कमी होतात, मग अशा आकड्यांची तुलना करायची कशी?

मी 1 एचपी, 24 लिटर, ऑइल-फ्री सायलेंट मॉडेलवर येऊन थांबलोय. एवढ्यात माझं काम भागेल का? की तेलाचा, बेल्टवाला बरा? आणि भोवती प्लायची पेटी केली तर?

प्रतिसाद

आधी स्प्रे गनचा विचार बाजूला ठेवा, म्हणजे निवड सोपी होईल. टाकीतला दाब 8 बार झाला की मोटर बंद आणि 6 बारवर उतरला की चालू होते असं धरा. मधल्या 2 बारमध्ये 24 लिटरच्या टाकीतून तुम्हाला साधारण 48 लिटर मोकळी हवा मिळते. ब्रॅड नेलरला एका खिळ्यामागे जेमतेम लिटरभर लागते, म्हणजे चाळीसेक खिळे मोटर चालू न होता मारता येतील. एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा फेकणारी) स्प्रे गन मात्र मिनिटाला 200-300 लिटर ओढते. टाकी पंधरा सेकंदांत खाली येईल आणि मोटर थांबणारच नाही. वॉर्निश ब्रशने लावा. थिनरची वाफ आणि प्रेशर स्विचची ठिणगी बंद खोलीत एकत्र येणं तसंही धोक्याचं.

पत्रकात 'डिस्प्लेसमेंट' (पंप आत ओढतो त्या हवेचा हिशोबी आकडा) बघू नका, एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) विचारा. टाकीत खरोखर पोचणारी हवा तीच, आणि ती बरीच कमी असते.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मित्राचं मशीन सरकलं म्हणालात ना, खाली त्रास झाला तो बराचसा त्यामुळे. हवेतून जाणारा आवाज भिंत अडवते, पण पायांतून स्लॅबमध्ये उतरलेली थरथर थेट खालच्या छतात जाते. मशीन कितीही सायलेंट घ्या, ते फरशीवर तसंच ठेवू नका. खाली जाड रबर, त्यावर जड दगडी लादी, त्यावर पुन्हा रबरी पाय. जड लादीला हलवायला मोटरला जोर लागतो, म्हणून नुसत्या रबरापेक्षा हे चांगलं चालतं. भिंतीला मशीन टेकू देऊ नका.

बेल्टवाला सावकाश फिरतो, आवाज जाडसर आणि सुसह्य असतो, पण अंगाने जड आणि मोठा. तुमच्या कामाला नको. पेटी केलीत तर हवा येण्या-जाण्याला वाट आणि पंखा हवाच, नाहीतर मोटर तापून ट्रिप होईल. लांब एक्स्टेंशन वायर वापरू नका, व्होल्टेज पडून मोटर अडखळते. त्याऐवजी हवेचा पाइप लांब घ्या. आणि काम झालं की टाकीतलं पाणी रोज काढा. आतून गंजलेली टाकी हा आवाजापेक्षा मोठा धोका आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. स्प्रे गन रद्द. लादीचं काल करून पाहिलं, कॉम्प्रेसर मित्राचाच. आधी खाली जाऊन बाळ कधी जागं असतं ते विचारून घेतलं आणि मशीन चालू असताना मुलीला त्यांच्याकडे उभं केलं. ती म्हणाली, घरघर ऐकू येते, पण छत थरथरल्यासारखं आता वाटत नाही. नवीन मशीन आणखी शांत असेल.

एक राहिलं. टाकी भरून मोटर बंद होताना जी 'फुस्स' करून हवा सुटते, ती शांत खोलीत फार दचकवते. तिथे छोटा सायलेन्सर कोणी बसवलाय का? त्याने वाट तुंबून पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागेल, अशी भीती वाटते.