संघर्ष थॅचरबाईंच्या आधीचा
ब्रिटनमध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यातील संघर्ष हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंनी सुरू केला, हे मत मला पटत नाही. १९६९ मध्ये कामगार संघटनांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या मजूर पक्षाच्याच मंत्री बार्बरा कॅसल यांनी संपांना कायद्याने वेसण घालू पाहणारी श्वेतपत्रिका मांडली, तेव्हा मंत्रिमंडळात तिला कडवा विरोध केला तो त्याच सरकारातील गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी. पुढे पंतप्रधान झाल्यावर याच कॅलॅहन यांनी १९७८ मध्ये महागाई रोखण्यासाठी पगारवाढीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. पण फोर्डच्या कामगारांनी संप करून सुमारे १७ टक्के वाढ पदरात पाडून घेतल्यावर ती कागदावरच उरली, आणि हिवाळ्यात ट्रकचालकांपासून लिव्हरपूलच्या कबर खोदणाऱ्यांपर्यंत अनेकजण संपावर गेले. मार्च १९७९ मध्ये कॅलॅहन यांचे सरकार अवघ्या एका मताने पडले. थॅचरबाई सत्तेवर आल्या त्या त्यानंतर.