मदत हवी आहे: गाडी थांबता थांबता एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) उगाच चालू होतं

2006 ची पेट्रोल हॅचबॅक, चारही चाकांना वेग मोजणारे, दोन वायरींचे जुने पॅसिव्ह सेन्सर (बाहेरून वीज न लागता कॉइलमध्ये स्वतःच सिग्नल तयार करणारे). ताशी 8-10 किमीला, अगदी थांबताना, कोरड्या रस्त्यावरही पेडल पायाखाली थरथरतं आणि पंपाची घरघर येते. वेगात ब्रेक ठीक. एबीएसचा दिवा लागत नाही, स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोडही नाही.

टायर एकाच मापाचे, हवा सारखी, बेअरिंगला खेळ नाही. सेन्सरचा रेझिस्टन्स चारही चाकांवर 1.1 किलोओहमच्या आसपास. पण चाक उचलून हाताने सेकंदाला साधारण एक फेरा दिला की बाकी तिघांवर एसी 0.5 व्होल्ट येतो, पुढच्या डाव्यावर जेमतेम 0.15. म्हणजे कॉइल शाबूत, सिग्नल अशक्त. या सेन्सरचा व्होल्टेज वेग कमी होईल तसा घटतो, त्यामुळे हळू वेगात तो नाहीसा झाला की ईसीयूला (एबीएसच्या कंट्रोल युनिटला) चाक जाम झाल्यासारखं वाटत असणार.

संशय दोन: सेन्सरच्या बैठकीखाली गंज साचून तो रिंगपासून वर उचलला गेलाय, किंवा एक्सलवरची दात्यांची रिंग तडकलीय.

सेन्सर नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागात) गच्च बसलाय. ओढला तर प्लास्टिकचं डोकं तुटून बुंधा आत राहायचा. गंज सोडवणारा स्प्रे रात्रभर मारून फिरवायचा, की एक्सल काढून आतून ठोकायचा? रिंग सुटी मिळते का, आणि तापवून बसवताना सीव्ही जॉइंटचं (एक्सलच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट कसं वाचवता?

फ्यूज काढून चालवा, हा सल्ला कृपया नको. त्याने ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) जातं आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात.