अध्ययन अक्षमता आणि शाळा : काय कामी येतं, कुठे अडतं

अध्ययन अक्षमतेमुळे वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या मुलांसोबत जे रोज बसतात, त्या पालक-शिक्षकांनी इथे लिहावं ही विनंती. ‘जास्त सराव घ्या’ हा सल्ला या घरांनी पुरेसा ऐकलाय. नेमकं काय करायचं ते सांगा.

पालक, ठाणे

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला जाताना जुन्या वह्या न्या, विशेषतः श्रुतलेखनाच्या. खाडाखोड तशीच राहू द्या, घरी बसवून नव्याने उतरवून घेऊ नका. तपासणाऱ्यांना त्या चुकाच बघायच्या असतात. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे एका बैठकीत उरकत नाही. शाळा सुटल्यावर दमलेल्या मुलाला नेलं तर गुण उगाच खाली येतात, म्हणून सकाळची वेळ मागा. ‘डाली’ ही भारतीय भाषांसाठी बनवलेली चाचणी मराठीतही आहे. मराठी माध्यमाच्या मुलासाठी तिची चौकशी जरूर करा. अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, 14 आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी होते. मदत सुरू करायला मात्र प्रमाणपत्र लागत नाही. पहिलीतच अक्षरं अडत असतील तर तेव्हाच कामाला लागा.

विशेष शिक्षिका, पुणे

मराठीतल्या चुका ठरावीक जागीच होतात, आणि त्या का होतात हे कळलं की रागावणं आपोआप थांबतं.

पहिली वेलांटी घ्या. ‘किती’ म्हणताना कानाला ‘क’ आधी ऐकू येतो, कागदावर मात्र वेलांटी आधी बसते. मुलाला आधी अक्षर आणि नंतर वेलांटी काढू द्या, म्हणजे कान आणि हात एकाच क्रमाने चालतील. त्यासाठी अक्षराच्या डावीकडे बोटभर जागा सोडायला शिकवावं लागतं, नाहीतर वेलांटी मागच्या अक्षरावर चढते.

रफार याहून अवघड. ‘धर्म’मधला ‘र्’ ‘म’च्या आधी ऐकू येतो आणि बसतो ‘म’च्या डोक्यावर, म्हणून मूल ‘ध्रम’ लिहितं. टाळी देत ‘धर्–म’ असं तोडा. मधला ‘र्’ लाल पेन्सिलीने वेगळा लिहा, तिथून ‘म’च्या डोक्यावर बाण काढा, आणि मग पूर्ण शब्द लिहून घ्या. ‘चक्र’मधला रकार त्याच आठवड्यात आणू नका, दोन्हींची सरमिसळ होते. ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ अगदी शेवटी घ्या, कारण त्या आकारांत मूळ अक्षरं दिसतच नाहीत. तोवर पाय मोडून, ‘विद्‌या’ असं लिहिलेलं चालवून घ्या.

एका वेळी 15 मिनिटं आणि एकच अडचण. घ-ध, भ-म अशा जोड्या एकाच दिवशी समोरासमोर ठेवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं. वाचताना ओळी सुटत असतील तर पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती पानावरून सरकवा.

गणित शिक्षक, नाशिक

‘पंचवीस’ ऐकून 52 लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. शब्दात पाच आधी येतात, अंकात 2 आधी. ‘एकोणचाळीस’ तर चाळीस ऐकवून 39 लिहायला लावतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला. या मुलांसाठी ती मोठा आधार आहे. ‘वीस पाच’ म्हणत लिहू द्या, ‘पंचवीस’ सोबत म्हणत राहा.

उभ्या मांडणीला चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक, हातच्यासाठी वरची ओळ मोकळी. शाब्दिक उदाहरण आधी तुम्ही वाचून दाखवा. ऐकून सुटलं तर अडचण वाचनात आहे, गणितात नाही. हा फरक न पाहता पाढे घोटून घेणं अन्यायाचं आहे.

दहावीच्या मुलाची आई, कोल्हापूर

परीक्षेतल्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो. नववीतच कागद जमवा. तासाला 20 मिनिटं या हिशेबाने तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा, खालच्या इयत्तेतला लागतो. आयत्या वेळी कुणी आजारी पडतं, म्हणून दुसरा तयार ठेवा.

लेखनिक मिळाला की काम झालं असं समजू नका. सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते सहामाहीपासून सरावाने पक्कं करावं लागतं. प्रश्न क्रमांक आधी. मग एक वाक्य, थांबा, लेखनिकाचा पेन थांबला की पुढचं. ‘नवीन मुद्दा’ हेसुद्धा तोंडाने सांगायचं. न सांगितलेलं लेखनिक लिहीत नाही, आणि मुलाला वाटतं आपण सांगितलं होतं. म्हणून प्रत्येक उत्तर एकदा परत वाचून घ्यायचं. जादा तासाला बसण्याचीही सवय लागते. सराव पेपर पूर्ण चार तासांचेच घ्या.

शाळेत समुपदेशक, मुंबई

शाळा टाळाटाळ करत असेल तर तोंडी बोलण्यावर थांबू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि ती लवकर ओळखून उपाय करण्याची जबाबदारी शाळांवर टाकलेली आहे. पत्र द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मागणी मोजकी ठेवा: फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, वर्गात अचानक उभं करून वाचायला न लावणं, विज्ञान-इतिहासात शुद्धलेखनाचे गुण न कापणं. या तिन्हींना खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे नकार देणं शाळेला अवघड जातं. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की तेच पत्र पुन्हा द्या.