सूट नको, हप्त्याची तारीख बघा
पहिली गिऱ्हाइकं जोडायला नव्या विमा एजंटाने आपल्या कमिशनमधून हप्त्यात सूट द्यावी, असा सल्ला काही जण देतात. तो कृपया कुणी मनावर घेऊ नका. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार त्याला मनाई आहे आणि दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो.

त्यापेक्षा समोरच्याच्या हातात पैसा कधी येतो ते विचारा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या पगारदाराला मासिक हप्ता झेपतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचं तसं नाही. ऑक्टोबरात छाटणी, मग औषधं, मजुरी. पैसा दिसतो तो माल निघाल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तारीख उलटल्यावरही हप्ता भरायला मिळणारी सवलतीची मुदत मासिक हप्त्याला जेमतेम १५ दिवस, वार्षिकला ३०. मी तरी बागायतदाराला वार्षिकच सुचवतो, तारीख एप्रिलच्या आसपास येईल अशी.