ग्लासात थुंकून यीस्ट कळत नाही

मोठी आत्या: (फॉरवर्ड) सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या ग्लासात थुंका. थुंकीचे धागे खाली लोंबले तर पोटात यीस्ट माजलंय! सर्वांना पाठवा.

मोठी आत्या: मी केलं. लोंबले.

छोटी मावशी: अगंबाई, माझेही!

दादा: माझेपण. अख्खं खानदान गेलं.

वहिनी: थांबा सगळे. लाळ मुळातच चिकट असते, आणि रात्रभर तोंड कोरडं पडल्याने सकाळी आणखी घट्ट. धागे कोणाचेही लोंबतील.

मोठी आत्या: म्हणजे यीस्ट नाहीच म्हणतेस?

वहिनी: आहे की! कॅन्डिडा नावाचं यीस्ट धडधाकट माणसाच्याही तोंडात, आतड्यात गुपचूप राहतं. शेजारचे जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरतात. म्हणून ते कुठून आलं हे विचारण्यापेक्षा, आवरणारं कोण कमी झालं ते शोधायचं.

छोटी मावशी: दाढेसाठी अँटिबायोटिक घेतल्यावर मला खाली खाज सुटली होती. पुरुष मंडळींनी हा मेसेज वाचू नये.

दादा: वाचून झाला.

वहिनी: लाजायचं काय त्यात मावशी. त्या गोळ्यांनी दाढेतल्या जंतूंबरोबर योनीमार्गातले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, तेही मरतात. यीस्ट पडली बुरशी, तिला त्या गोळ्यांचं काहीच वाटत नाही. तिला मैदान मोकळं. गरोदरपणातही होतं, तेव्हा इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं.

काका: सूनबाई, माझ्या जिभेवर पांढरं बसलंय. चमच्याने खरवडलं तर खाली लालबुंद, थोडं रक्तही आलं. दम्याचा नवा पंप सुरू केल्यापासून.

वहिनी: खरवडू नका हो काका! पंपानंतर चूळ भरता का?

काका: पाणी पितो ना वरून.

वहिनी: प्यायचं नाही, गुळण्या करून थुंकायचं. त्यात स्टिरॉइड असेल तर बराचसा भाग तोंडात-घशात बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती नळी, लावून घेतलात तर कमी बसेल. पंप मनाने बंद करू नका, जीभ मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि कवळी?

काका: रात्री काढायचा कंटाळा येतो.

वहिनी: मग निम्मं उत्तर तिथेच आहे. झोपताना काढा, घासून भिजत ठेवा.

मोठी आत्या: माझं काय मग? खालची खाज वर्षात 3 वेळा झाली. अँटिबायोटिक नाही, पंप नाही. गोड सोडलंय. दरवेळी तीच जुनी गोळी आणून घेते.

वहिनी: मधुमेहाची गोळी बदलली का मध्ये?

मोठी आत्या: हो. नावाच्या शेवटी फ्लोझिन आहे बघ.

वहिनी: सापडलं बहुतेक! ती गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि तिथे यीस्टची चंगळ होते. पण गोळी स्वतःहून सोडायची नाही हं आत्या, ती हृदयाला, किडनीलाही उपयोगी पडते. डॉक्टरांना सांगा, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या. मुळात साखर चढी राहिली तरी हेच होतं. आणि वर्षात 3 वेळा म्हणजे नमुना तपासायलाच हवा. दरवेळी यीस्टच असेल असं नाही.

छोटी मावशी: पण त्या मेसेजमध्ये थकवा, विसराळूपणा, सगळंच यीस्टमुळे लिहिलंय.

वहिनी: त्याला पुरावा नाही. यीस्ट रक्तात गेलं तर जिवावर बेततं, पण ते बहुतेक अतिदक्षता विभागातल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांत. विसराळूपणा वेगळा तपासा.

दादा: एका मित्रासाठी विचारतोय. जांघेत घामाने होतं का?

वहिनी: होतं. घडीत ओल राहिली की होतं. पण जांघेत नायटाही असू शकतो. आणि मित्राला सांग, ती स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब बंद कर. तिच्यातल्या स्टिरॉइडने खाज थांबते, खाली बुरशी पसरत राहते.

दादा: ट्यूबचं तुला कसं कळलं?

वहिनी: मित्राची ट्यूब आपल्या बाथरूममध्ये उघडी पडलीय, म्हणून.

मोठी आत्या: मी तो मेसेज इथून काढला. आणखी चार ग्रुपवर टाकलाय, तिथला कसा काढायचा?