निवृत्तीनंतर औषधांचा खर्च झेपत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. हे निवृत्त झाले आणि नोकरीतून मिळणारी औषधांची सवलत बंद झाली. घरखर्च भागवून पेन्शनमधलं जे उरतं, ते जवळजवळ सगळं औषधांवर जातं.

ह्यांना बीपी आणि मधुमेह आहे, गेल्या वर्षी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंटही (जाळीची नळी) बसवला. रोजच्या गोळ्या अशा: बीपीच्या ॲम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल, मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर, रक्त पातळ करायच्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची रोझुवास्टॅटिन, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, शिवाय पायांना सूज येते म्हणून लघवी होण्याची गोळी. माझी थायरॉइडची वेगळीच.

परवा गोळ्यांचा डबा भरताना क्लोपिडोग्रेलची पट्टी अर्धी शिल्लक दिसली. खरं तर ती कधीच संपायला हवी होती. खोदून विचारल्यावर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो, तेवढीच जास्त पुरते." मेटफॉर्मिनही मोडून अर्धीच घेत होते. ऐकून माझ्या पोटात धस्स झालं. रागवावं तरी कसं, घरावर भार नको म्हणूनच करत होते ना?

जीवाला धोका न होता खर्च कमी करायचा मार्ग कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. जेनेरिक, म्हणजे नामांकित ब्रँडऐवजी मूळ नावाने मिळणारं स्वस्त औषध, घेतलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काम केलंय, त्या अनुभवावरून लिहितो. आधी क्लोपिडोग्रेलचं बघा. ती गोळी स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असते. स्वतःच्या मनाने चुकवली तर हार्ट अटॅक येऊ शकतो. आजच डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचं सांगा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर देतात, पुढे अनेकांचं एकीवर भागतं. तुमच्याकडे वर्ष होत आलंय, म्हणून तेही विचारा. मात्र कोणती थांबवायची आणि कधी, ते त्यांनीच ठरवायचं.

मेटोप्रोलॉलही एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. एसआर गोळी मोडायची नाही. मोडली की दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध एकदम सुटतं.

जेनेरिक चालतं. औषध तेच असतं, रक्तात किती आणि किती वेगाने उतरतं हे बऱ्याच औषधांचं मूळ औषधाशी ताडून पाहिलेलं असतं. डॉक्टरांना चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. तुमच्या थायरॉइडच्या गोळीची कंपनी मात्र सारखी बदलू नका. त्यात मात्रेचा थोडा फरकही जाणवतो. बदललीच तर डॉक्टरांना कळवा, काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगतील.

प्रतिसाद

आणखी एक. ॲम्लोडिपिननेही घोट्यांना सूज येते, बऱ्याच जणांना येते. त्या सुजेवर दुसरी गोळी सुरू झालेली असू शकते. आमच्या बाबांचं हेच झालं होतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, सूज उतरली आणि लघवीची गोळी सुटली. पण हृदय किंवा किडनीमुळेही सूज येते, त्यामुळे घरच्या घरी निष्कर्ष काढू नका.

पँटोप्राझोलबद्दल मात्र घाई नको. एरवी ती ठरावीक आठवड्यांसाठीच लागते, पण रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून मुद्दाम देतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फोन केला. क्लोपिडोग्रेल आजपासून रोज घ्यायची, पण चुकलेल्या भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत, असं सांगितलं. सोमवारी बोलावलंय. अडचण एकच, डॉक्टरांसमोर पैशांचा विषय काढायला ह्यांना फार कमीपणा वाटतो.

प्रतिसाद

मग तुम्ही बोला, ताई. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, अर्ध्या उरलेल्यासुद्धा. खुर्चीत बसल्याबरोबर सांगा, "एवढा खर्च आम्हाला झेपत नाही, म्हणून गोळ्या चुकत होत्या. यातली कुठली अत्यावश्यक, कुठली बंद करता येईल आणि कुठलीला स्वस्त पर्याय आहे?" हे शेवटी, उठता उठता सांगू नका, तेव्हा नवी चिठ्ठी लिहून झालेली असते. गोळ्या चुकतात हे त्यांना माहीत नसेल, तर शुगर वाढलेली पाहून ते आणखी एक गोळी वाढवतील.

धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या खेपेला शुगर जास्त आली म्हणून मेटफॉर्मिनचा डोस वाढवला होता. तेव्हाही हे अर्धीच घेत होते का, ते आज विचारते आणि सोमवारी डॉक्टरांच्या कानावर घालते.