गोल्फ मैदानाच्या कडेचे रानगवत कसे राखावे?

प्रश्न: बेळगावजवळच्या आमच्या मैदानाची, चेंडू क्वचितच जातो अशी जांभ्या मातीची कड आम्ही रानगवतासाठी सोडली आहे, परंतु पावसाळ्यात तेथे गाजरगवतच माजते. काय करावे?

उत्तर १: गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. खत मात्र अजिबात देऊ नये, कारण सुपीक जमिनीत तणच आधी फोफावते आणि पवन्या, मारवेल यांसारखी देशी गवते मागे पडतात.

उत्तर २: कापणी वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर बी झडल्यावर करावी आणि कापलेले गवत उचलावे, गाजरगवत मिसळलेले नसेल तर गवळी ते आनंदाने नेतील. फेअरवेच्या (खेळाच्या आखूड कापलेल्या पट्ट्याच्या) लगत कुसळी गवत मात्र ठेवू नका, मोज्यांत रुतलेली कुसळे सभासद विसरत नाहीत!

उत्तर ३: रस्त्याच्या बाजूने जाळरेषाही, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, उन्हाळ्यापूर्वीच काढून घ्यावी.